देहाची कला आणि देहाची संमती

शाळेच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातील लोखंडी आकड्याला टांगलेला सांगाडा पुष्कळांच्या आठवणीत असेल. आज तो प्लास्टिकचा असतो. पूर्वी तो खरा असे, आणि केवळ आपल्याकडेच नव्हे, इंग्लंड-अमेरिकेतील वैद्यकीय विद्यालयांतही. तेथील सांगाडे बहुतांशी भारतातून गेलेले असत. कोलकाता हे या व्यापाराचे मोठे केंद्र होते. नदीकाठच्या स्मशानांतून, रुग्णालयांच्या शवागारांतून देह उचलायचे, हाडे स्वच्छ करायची, तारेने जोडायची आणि पेट्यांत भरून परदेशी पाठवायची, असा तो धंदा. १९८५ साली भारत सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, तोवर तो राजरोस चालू होता. देह उचलण्याचे आणि हाडे साफ करण्याचे काम ज्यांच्याकडे असे, ते बहुधा डोम जातीचे लोक होते. ज्यांची हाडे गेली ते बेवारस, निर्धन, अनाम. त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

ही माहिती आरंभीच देण्याचे कारण असे की, या लेखात आम्ही ज्या विषयाकडे वळणार आहोत तो पुष्कळांना विचित्र वाटेल. विज्ञान आणि मानवी शरीर यांच्या सीमेवर उभी असलेली एक कला जगात आहे. ती मृतदेह मांडते, रक्त गोठवते, जनुके चौकटीत बसवते. अशा कलाकृतींची छायाचित्रे अधूनमधून आपल्या हातातील भ्रमणध्वनीवर येतात आणि पाहणारा म्हणतो, “ही कसली कला? ही तर विकृती!” ही प्रतिक्रिया आम्ही हसण्यावारी नेणार नाही. किळस ही प्रामाणिक भावना आहे. परंतु किळस वाटते म्हणून वस्तू वाईट, आणि सुंदर दिसते म्हणून निर्दोष, हा हिशेब या क्षेत्रात साफ चुकतो. कित्येक वेळा सर्वांत देखण्या चित्राखालीच सर्वांत मोठा अन्याय दडलेला सापडतो.

देहाकडे असे उघडे पाहणे आपल्या वाचकांना अगदी परके नाही. सतिपट्ठान सुत्तात केस, नखे, दात, त्वचा अशा क्रमाने शरीराच्या भागांकडे लक्ष नेले जाते आणि पुढे स्मशानातील प्रेताच्या नऊ अवस्थांचे चिंतन सांगितले आहे. जपानमध्ये या चिंतनातून चित्रांची एक परंपराच निर्माण झाली. तिला ‘कुसोझु’ म्हणतात. नऊ अवस्थांची चित्रे. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत ती काढली जात होती. पहिल्या चित्रात नुकतीच मरण पावलेली, वस्त्रांनी झाकलेली स्त्री. मग देह फुगतो, रंग बदलतो, कुत्री आणि पक्षी येतात, शेवटी विखुरलेली हाडे उरतात. यांपैकी काही चित्रांशी नवव्या शतकातील सम्राज्ञी दानरिन हिचे नाव जोडले जाते. माझा देह जाळू नका, पुरू नका, उघड्यावर ठेवा, म्हणजे माझ्या रूपावर लुब्ध झालेल्यांना ते रूप काय असते हे दिसेल, असे तिने सांगून ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. या चित्रांत सडणारा देह जवळजवळ नेहमी स्त्रीचाच का, हा आक्षेप आधुनिक अभ्यासक घेतात आणि तो आम्हाला योग्य वाटतो. चिंतन पुरुष भिक्षूंनी करायचे आणि कुजायचे मात्र बाईने, ही वाटणी काही सरळ नाही. तरीही दानरिनच्या आख्यायिकेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: तेथे देहधारिणी स्वतः बोलते.

युरोपात देह बोलत नव्हता. तेथे आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया आंद्रेआस व्हेसालियस याने घातला. ब्रुसेल्समध्ये १५१४ साली जन्मलेला हा वैद्य इटलीतील पादुआ येथे शिकवीत असे. त्याच्या काळी शवविच्छेदनाचा पाठ कसा होत असे हे समजून घेतले पाहिजे. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचीत. खाली टेबलाजवळ एक न्हावी सुरी चालवी. ज्याला ग्रंथ ठाऊक तो प्रेताला शिवत नसे आणि जो प्रेताला शिवे त्याला ग्रंथ वाचता येत नसे. परिणाम असा की गेलेनच्या चुका तेराशे वर्षे तशाच चालत आल्या. गेलेनने मुख्यतः माकडे आणि इतर प्राणी कापून पाहिले होते. माणसाच्या खालच्या जबड्याची हाडे दोन असतात असे तो लिहून गेला, आणि समोर एकाच हाडाचा जबडा पडलेला असूनही पंडित दोनच सांगत राहिले.

व्हेसालियस आसनावरून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वतःच्या हाती घेतली. १५४३ साली बाझेल येथे त्याचा मानवी शरीराच्या रचनेवरील महाग्रंथ छापला गेला, तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या ग्रंथाचे मुखपृष्ठ पाहावे. गर्दीने फुललेले गोलाकार सभागृह, मध्ये टेबलावर एका स्त्रीचे उघडलेले शरीर, शेजारी व्हेसालियस, त्याचा हात थेट देहावर. आणि सुरी चालवणारे न्हावी? ते टेबलाखाली बसून आपसांत भांडत आहेत. त्यांचे काम त्याने घेतले होते.

ग्रंथाच्या आतील चित्रे त्याहून अद्भुत आहेत. लाकडी ठशांवर कोरलेली ही चित्रे व्हेनिसच्या तित्सियान या थोर चित्रकाराच्या कार्यशाळेशी संबंधित कलावंतांनी काढली असे मानतात. त्यांतील माणसे मेलेली आहेत, कातडी सोललेली आहेत, आणि तरी ती उभी आहेत. टेकड्या, झाडे, गावे मागे ठेवून, एखाद्या नटासारखा हात पसरून. एका चित्रात सांगाडा थडग्यावर कोपर टेकून समोरच्या कवटीकडे विचारमग्न होऊन पाहतो आहे. दुसऱ्यात तो कुदळ-फावड्यावर रेलून आकाशाकडे तोंड करतो, जणू स्वतःचीच कबर खणून थकला आहे. वैद्यकाच्या पुस्तकाला याची गरज नव्हती. स्नायू दाखवायचा तर स्नायू पुरे होता. पण चित्रकाराला ठाऊक होते की निव्वळ मांस पाहून डोळे फिरतात. उभा माणूस दिसला की नजर थांबते आणि थांबलेली नजर शिकते. विज्ञानाने कलेची मदत घेतली ती अशी.

आता याच ग्रंथातील दुसरी बाजू. देह कोठून मिळाले हे व्हेसालियस लपवीत नाही, उलट काहीशा अभिमानाने सांगतो. तरुणपणी लूव्हेनच्या वेशीबाहेर फाशी दिलेल्या चोराचा सांगाडा त्याने गुपचूप उतरवून आणला. पादुआमध्ये एका संन्याशाच्या प्रेयसीचे प्रेत त्याच्या विद्यार्थ्यांनी कबरीतून पळवले आणि नातलगांनी ओळखू नये म्हणून तिची कातडी सोलून टाकली. त्या बाईचे नाव ग्रंथात नाही. ज्ञान मिळाले हे खरे. ते मिळवण्यासाठी तिची ओळख अक्षरशः सोलून काढावी लागली हेही खरे. या दोन वाक्यांपैकी एकच वाक्य सांगणारा इतिहास आम्हाला अपुरा वाटतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मृतदेह अभ्यासण्याची रीत दिली आहे. दीर्घ आजाराने वा विषाने न मेलेल्या, अवयव शाबूत असलेल्या माणसाचा देह गवताने वेढून पिंजऱ्यात ठेवायचा, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचा आणि मग वाळा, बांबू किंवा सालीच्या कुंचल्याने एकेक थर हळूहळू घासून पाहायचा. ही पद्धत सुरीऐवजी कुंचल्याची का, याचा विचार करावा. पुढे तर प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ इतका घट्ट झाला की तीही रीत मागे पडली. मेलेले जनावर ओढणे, मृत्यूची वर्दी परगावी पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे गावाने ज्यांच्या माथी मारली, त्यांना पोथी उघडण्याचा अधिकार नव्हता, आणि पोथीवाल्याला मेलेल्याला शिवण्याची मुभा नव्हती. युरोपातील प्राध्यापक आणि न्हावी ही जोडी व्हेसालियसने मोडली. आपल्याकडे ती जन्माने बांधलेली असल्यामुळे अधिक टिकली. म्हणूनच १८३६ साली कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले, ही घटना एवढी गाजली.

पुन्हा युरोपकडे वळू. १६३२ साली रेम्ब्रांट याने आम्स्टरडॅममध्ये ‘डॉक्टर निकोलास तुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ हे चित्र रंगवले. काळे झगे आणि पांढऱ्या झालरी ल्यालेले प्रतिष्ठित गृहस्थ टेबलाभोवती दाटीने उभे आहेत, तुल्प चिमट्याने हाताचे स्नायू उचलून दाखवीत आहेत. यांतील गृहस्थांची नावे चित्रातच एका कागदावर लिहिली गेली. टेबलावरील माणूस म्हणजे आरिस किंट, चोरीच्या गुन्ह्यासाठी त्याच सुमारास फाशी दिलेला. त्याचे नाव चित्रात नाही. पण चित्रातील सर्वाधिक उजेड त्याच्या देहावर पडला आहे, आणि पाहणाऱ्याची नजर सरकत सरकत त्याच्या चेहऱ्यापाशी येते. रेम्ब्रांटने हे जाणूनबुजून केले असावे असे आम्हाला वाटते.

यानंतरच्या दीडशे वर्षांत प्रकार फार वाढले. सगळे सांगण्याचे कारण नाही. हॉलंडमध्ये फ्रेडरिक रॉइश याने अर्भकांचे चिमुकले सांगाडे मूतखड्यांच्या टेकडीवर आणि वाळवलेल्या रक्तवाहिन्यांच्या झाडांखाली उभे केले. त्यांतला एक पातळ पडद्याच्या रुमालाने डोळे पुसतो. त्याचा संग्रह रशियाचा सम्राट पीटर याने १७१७ साली विकत घेतला. फ्रान्समध्ये होनोरे फ्रागोनार याने सोललेला स्वार सोललेल्या घोड्यावर बसवला. तो पॅरिसजवळच्या पशुवैद्यक विद्यालयाच्या संग्रहालयात अजून आहे. फ्लॉरेन्समध्ये मेणाच्या सुंदर स्त्रिया रेशमी गाद्यांवर निजवल्या गेल्या, गळ्यात मोत्यांची माळ, आणि पोटावरचे झाकण उचलले की आतील अवयव एकेक करून बाहेर काढता येतात. मेणाच्या म्हणून या स्त्रियांच्या बाबतीत संमतीचा प्रश्न येत नाही, असे कोणी म्हणेल. पण साचे घेण्यासाठी खरी प्रेतेच लागत, आणि ती रुग्णालयातील गरिबांची असत.

ज्याचे नाव आणि इच्छा दोन्ही आपल्याला पक्की ठाऊक आहेत असा एक माणूस या इतिहासात आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. चार्ल्स बर्न हा आयर्लंडचा तरुण. त्याची उंची सात फुटांवर अर्ध्या फुटाहून अधिक होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो लंडनला आला आणि पैसे घेऊन लोकांना स्वतःचे दर्शन देऊ लागला. शल्यवैद्यांचे आपल्या देहावर डोळे आहेत हे त्याने ओळखले होते. म्हणून मृत्यूनंतर शिशाच्या पेटीत घालून आपल्याला समुद्रात बुडवावे असे त्याने मित्रांना सांगून ठेवले. १७८३ साली, बाविसाव्या वर्षी तो वारला. जॉन हंटर या प्रख्यात शल्यवैद्याने पैसे चारून देह मिळवला, गुपचूप उकळून हाडे वेगळी केली आणि काही वर्षांनी सांगाडा आपल्या संग्रहात उभा केला. सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी हंटरचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र काढले आहे. चिंतनात गढलेला हंटर, समोर ग्रंथ, हातात लेखणी. आणि वर कोपऱ्यात, चौकटीने कापलेले, दोन लांब पाय. ते बर्नचे.

दोनशेहून अधिक वर्षे हा सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात काचेमागे होता. त्याचा विज्ञानाला उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. २०११ साली त्याच्या दातांतून काढलेल्या जनुकीय द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अतिवाढीमागचा जनुकीय दोष उत्तर आयर्लंडमधील काही हयात कुटुंबांतही आढळला. त्या कुटुंबांना आजार लवकर ओळखण्याची वाट मिळाली. एवढे असूनही, २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. संशोधनासाठी तो संस्थेने जवळ ठेवला आहे. समुद्र त्याला अजून मिळालेला नाही. हा अर्धा न्याय आहे. पण दोनशे चाळीस वर्षांनी का होईना, मेलेल्या माणसाचा शब्द कोणीतरी ऐकला.

बर्नच्या काळी इंग्लंडमध्ये कायद्याने विच्छेदनासाठी केवळ खून करणाऱ्यांची प्रेते मिळत. ती पुरत नसत. म्हणून कबरी फुटू लागल्या. एडिंबरोमध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ पर्यंत सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीररचनेच्या एका अध्यापकाला विकली. त्या हाहाकारानंतर १८३२ साली नवा कायदा झाला: अनाथालयांत, रुग्णालयांत मेलेल्या ज्या गरिबांवर कोणी हक्क सांगत नाही, त्यांचे देह वैद्यकीय शाळांना द्यावेत. काल जी खुन्याची शिक्षा होती ती आज दारिद्र्याची झाली. आपल्याकडे १९४९ साली मुंबई प्रांतात झालेला शरीररचनाशास्त्रविषयक कायदाही बेवारस देहांचीच व्यवस्था लावतो.

या पार्श्वभूमीवर गुंथर फॉन हागेन्स या जर्मन वैद्याकडे पाहिले पाहिजे. काळी टोपी घालून वावरणारा हा माणूस पूर्व जर्मनीत वाढला, तेथून पळण्याच्या प्रयत्नात तुरुंगात पडला आणि १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने पैसे मोजून त्याची सुटका केली. हायडेलबर्ग विद्यापीठात १९७७ साली त्याने ‘प्लास्टिनेशन’ ही पद्धत शोधली. तिच्यामागचे तत्त्व शालेय रसायनशास्त्राच्या आवाक्यातले आहे. देह कुजतो तो मुख्यतः त्यातील पाण्यामुळे आणि मेदामुळे. प्रथम फॉर्मालिनने कुजणे थांबवतात आणि विच्छेदन करतात. मग देह गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड केलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात. पाण्याची जागा अ‍ॅसिटोन घेते. पुढे त्याला द्रवरूप सिलिकोनमध्ये ठेवून हवेचा दाब कमी करतात. दाब उतरला की अ‍ॅसिटोन उकळून बुडबुड्यांच्या रूपाने पेशींतून निघून जाते आणि रिकाम्या जागेत सिलिकोन शिरते. शेवटी देहाला हवी ती ठेवण देऊन वायूच्या साह्याने तो कठीण करतात. एका पूर्ण देहाला सुमारे वर्ष लागते. हाती येते ती प्रतिकृती नसते; प्रत्यक्ष स्नायू, प्रत्यक्ष रक्तवाहिनी, वास नाही, ओल नाही, हात लावला तर रबरासारखे.

१९९५ साली जपानमध्ये या देहांचे पहिले प्रदर्शन भरले आणि पुढे ते ‘बॉडी वर्ल्ड्स’ या नावाने जगभर फिरले. कोट्यवधी लोकांनी ते पाहिले आहे. बुद्धिबळ खेळणारा देह, घोड्यावर बसलेला देह, स्वतःची सोललेली कातडी अंगरख्यासारखी हातात धरून उभा असलेला देह. ही शेवटची कल्पना सोळाव्या शतकातील स्पॅनिश शरीरशास्त्रज्ञ व्हालव्हेर्दे याच्या ग्रंथातून सरळ उचललेली आहे. टीका भरपूर झाली. धर्मगुरू म्हणाले हा मृतांचा अवमान. शिक्षक म्हणाले बुद्धिबळाच्या पटाची गरज काय. कलासमीक्षक म्हणाले ही कला नाही, जत्रा आहे. आमचे मत विचाराल तर व्हेसालियसचा सांगाडा कवटीकडे पाहतो तेव्हा तो आपल्यालाही विचारात पाडतो, आणि हागेन्सचा बुद्धिबळपटू बहुधा फक्त थक्क करतो. पण धूम्रपानाने काळवंडलेले फुप्फुस आणि निरोगी फुप्फुस शेजारी शेजारी ठेवलेली त्याची पेटी शंभर व्याख्यानांचे काम करते, हेही कबूल केले पाहिजे.

हागेन्सने एक गोष्ट मात्र नवी केली. त्याने देहदात्यांची यादी उभारली. आपला देह प्रदर्शनात ठेवण्यास हरकत नाही असे जिवंतपणी लिहून देणारी हजारो माणसे त्याला मिळाली. व्हेसालियसला जे सुचले नाही ते एका साध्या अर्जाने साधले. तरीही डाग राहिलाच. चीनमध्ये त्याची मोठी कार्यशाळा होती, आणि तेथे आलेल्या काही देहांच्या कवट्यांवर गोळीच्या खुणा असल्याचे वृत्त २००४ साली जर्मन नियतकालिकात आले. आपण संशयास्पद देह परत पाठवले आणि प्रदर्शनात केवळ दात्यांचेच देह आहेत, असे हागेन्सने सांगितले. त्याच्या पद्धतीची नक्कल करून अमेरिकेत ‘बॉडीज’ या नावाने दुसरे एक प्रदर्शन एका कंपनीने चालवले. त्यातील देह चीनमधील बेवारस देह होते. २००८ साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या तडजोडीनुसार त्या कंपनीला दारावर सूचना लावावी लागली की, हे देह मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. फसवणूक झाली असे वाटणाऱ्या प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मागण्याची सोयही करावी लागली. दोन्ही प्रदर्शने डोळ्यांना सारखीच दिसतात. फरक काचेत दिसत नाही, कागदात असतो.

दुसऱ्याच्या देहाचा प्रश्नच नको म्हणून काही कलावंत स्वतःच्या शरीराकडे वळले. ब्रिटिश शिल्पकार मार्क क्विन याने १९९१ साली काही महिन्यांत थोडे थोडे करून स्वतःचे साडेचार लिटरच्या आसपास रक्त काढवले, म्हणजे माणसाच्या अंगात एका वेळी असते जवळजवळ तेवढे. आपल्या डोक्याच्या साच्यात ते ओतून त्याने गोठवले. गडद लाल, मिटल्या डोळ्यांचे हे मस्तक शीतपेटीत ठेवलेले असते. वीज गेली तर ते वितळेल. त्या काळी क्विन मद्याच्या आहारी गेला होता, आणि कशावर तरी अवलंबून राहून जगणे हाच या शिल्पाचा विषय आहे. दर पाच वर्षांनी तो नवे मस्तक करतो. त्यांतील २००६ चे लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयासाठी २००१ मध्ये त्याने सर जॉन सल्स्टन यांचे व्यक्तिचित्र केले. मानवी जनुकसंचाच्या वाचनात पुढाकार घेणारे हे शास्त्रज्ञ. चित्रात चेहरा नाहीच. पोलादी चौकटीत पारदर्शक खळीचा थर आहे, त्यावर जीवाणूंच्या ठिपक्यांसारख्या वसाहती, आणि त्या जीवाणूंत सल्स्टन यांच्या डीएनएचे तुकडे. चेहरा काढला असता तर सल्स्टन यांच्यासारखा दिसला असता. हे तर खुद्द सल्स्टनच आहेत. चौकट इतकी चकचकीत आहे की पाहणाऱ्याला तिच्यात स्वतःचे तोंड दिसते.

अर्थात तंत्र तेच असले तरी संमती नसली की चित्र पालटते. अमेरिकन कलावंत हेदर ड्यूई-हॅगबोर्ग हिने २०१२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चघळून टाकलेले गम, सिगारेटची थोटके, गळालेले केस उचलले, त्यांतून डीएनए काढले आणि त्यावरून अनोळखी लोकांचे अंदाजी चेहरे छापयंत्रावर घडवून भिंतीवर टांगले. डीएनएवरून लिंग, डोळ्यांचा रंग, वंश असे काही कळते, हुबेहूब चेहरा नाही. तिला हुबेहूबपणा नकोच होता. आपण थुंकतो, खोकतो, केस विंचरतो तेव्हा काय मागे सोडतो, आणि ते कोणाच्या हाती लागू शकते, एवढे तिला दाखवायचे होते. ज्यांचे डीएनए घेतले त्यांना तिने विचारले नाही, आणि त्यामुळेच ती कलाकृती अंगावर येते.

या सर्वांत आम्हाला सर्वाधिक मोलाची वाटते ती स्कॉटलंडच्या क्रिस्टीन बोरलँड हिची १९९४ ची ‘फ्रॉम लाइफ’ ही कलाकृती. वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून तिने एक खरा मानवी सांगाडा विकत घेतला. तेव्हा तो असा टपालाने मागवता येत असे. मग कलावंताच्या नात्याने तिने त्यातून काही घडवण्याआधी एक साधा प्रश्न विचारला: ही कोण? न्यायवैद्यक तज्ज्ञांकडे ती हाडे घेऊन गेली. कटीचे हाड पाहून ती स्त्री असल्याचे ठरले, हाडांच्या सांध्यांवरून ती तरुण असल्याचे, कवटीवरून आशियाई वंशाची असल्याचे. आणि ती निदान एकदा गरोदर राहिली होती हेही. कवटीवर मांस आणि त्वचेची जाडी मातीने चढवून, बेपत्ता माणसाचा चेहरा पोलिसांसाठी उभा करतात त्याच रीतीने, तिचा चेहरा घडवण्यात आला आणि ब्राँझमध्ये ओतण्यात आला. प्रदर्शनात आलेल्यांना सांगाडा भेटला नाही. एक बाई भेटली.

ती नेमकी कोणत्या देशातील होती हे हाडे सांगत नाहीत. पण आशियातून सांगाडे पाश्चात्त्य बाजारात कोठून जात असत हे आपण लेखाच्या आरंभी पाहिले आहे. तिचे नाव बोरलँड देऊ शकली नाही, चेहरा दिला. पादुआतील विद्यार्थ्यांनी ओळख पुसण्यासाठी कातडी सोलली होती, त्याच्या नेमकी उलट ही कृती. शास्त्र तेच, कौशल्य तेच, हातही तितकेच सराईत. आपल्या देशात अनिता दुबे यांनी १९९७ साली मानवी सांगाड्याची हाडे लाल मखमलीने, मण्यांनी, लेसने मढवून एक कलाकृती केली. एकेक हाड एखाद्या दागिन्यासारखे, लग्नातील शालूसारखे लाल. ती पाहताना भीती वाटते की माया, हे ठरवणे कठीण जाते. शवाला शिवणे म्हणजे विटाळ असे मानणाऱ्या समाजात एका स्त्रीने हाडांना इतक्या हळुवारपणे वस्त्र नेसवावे, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

शेवटी थोडे व्यवहाराचे, कारण या विषयावर पालक आणि माजी विद्यार्थी विचारणा करतात. जे वैद्यकीय शिक्षणाकडे वळले असतील त्यांना ठाऊक आहे की पहिल्या वर्षी शिकण्यासाठी आजही खरा देह लागतो आणि तो दोनच मार्गांनी मिळतो, बेवारस म्हणून किंवा दान म्हणून. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ जुनी आहे, आणि देशातही २०१० मध्ये ज्योती बसू यांच्यासारख्या नेत्याचा देह कोलकात्यातील वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. इच्छापत्राचा नमुना वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. त्यावर दात्याची आणि साक्षीदारांची सही लागते. नेत्रदान आधी करून मग देहदान करता येते. शवचिकित्सा झालेला देह, किंवा काही संसर्गजन्य आजारांनी मृत्यू आला असल्यास तो देह, सहसा स्वीकारला जात नाही. मृत्यूचा डॉक्टरी दाखला हाताशी लागतो आणि वेळ फार नसतो. देह केवळ शिक्षणासाठी द्यावयाचा आहे की संशोधन वा प्रदर्शनासाठीही, याविषयी आपले म्हणणे असेल तर तेही लेखी नमूद करून ठेवावे. आणि घरातील माणसांशी आधीच बोलून घ्यावे. अर्ज कपाटात व्यवस्थित ठेवलेला असला, तरी त्या दिवशी महाविद्यालयाला दूरध्वनी त्यांनाच करावयाचा असतो.